चाळीस मेंढ्या आणि पान एकेचाळीस

नऊ वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं आणि त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं, पत्ता चुकला नव्हता, मी आजारीही नव्हतो. ते माझ्या टेबलावरच्या जाडजूड शब्दकोशात ‘ज’च्या पानांत होतं आणि ते तिथं आहे हे मला रोज ठाऊक होतं. या नऊ वर्षांत ‘ज’ने सुरू होणारा एकही शब्द मी त्या कोशात पाहिला नाही. अडलंच तर दुसरा शब्द वापरायचो.

मी काय काम करायचो ते आधी सांगायला हवं, नाहीतर पत्राचा उलगडा व्हायचा नाही. जनावरांच्या दवाखान्याला जोडलेल्या एका प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. मेंढ्यांच्या लेंड्यांमध्ये जंतांची अंडी किती आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, एवढंच काम. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "करता काय?" मी म्हणालो, "मोजणी." त्यांना वाटलं, जमिनीची. ते खूश झाले आणि मी मूग गिळून बसलो. खरं काय ते त्यांना पुढे त्यांच्या मुलीनं सांगितलं. ती अजूनही सांगते, कुणीही विचारलं तरी, आणि शक्यतो सगळे जेवायला बसलेले असताना.

नोकरीच्या शेवटी शेवटी मी एक पुस्तक लिहिलं, ‘मेंढीच्या पोटातले जंत’. चौसष्ट पानांचं, मेंढपाळांसाठी. माझं एकुलतं एक. हस्तलिखितात ‘बहुधा’, ‘असावे’, ‘असे वाटते’ इतक्या ठिकाणी होतं की प्रकाशक म्हणाले, "साहेब, मेंढपाळानं करायचं काय ते सांगा. तुम्हाला काय वाटतं ते डायरीत लिहा." मी निमूटपणे सगळे ‘बहुधा’ खोडले. पान एकेचाळीसवर मात्र मी स्वतःहून एक शब्द वाढवला. तिथं कडवी नावाच्या झुडपाबद्दल, आमच्याच प्रयोगशाळेतल्या जंतांवरच्या एका प्रयोगावरून, असं होतं : हे झुडूप निरुपयोगी असून जनावरांची भूक मारते. ते कुरणातून काढून टाकावे. मुद्रितं तपासताना ते मला फार मिळमिळीत वाटलं. मी ‘मुळासकट’ घातलं. आयुष्यात ठामपणे लिहिलेला माझा तो एकच शब्द.

तर, ते पत्र. एका मेंढपाळ बाईंचं. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, अक्षर टपोरं. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्याकडे चाळीस मेंढ्या आहेत आणि त्या मेंढ्या कडवी खातात. सगळ्या नाही. ज्या पातळ हगतात, ज्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या तर आतून पांढऱ्याफटक दिसतात, त्या खातात. आठ-दहा दिवस खातात, बऱ्या होतात आणि मग तिला तोंडसुद्धा लावत नाहीत. शेवटी एक प्रश्न होता : ‘तुम्ही कडवी खाऊ घालून प्रयोग केला तेव्हा मेंढ्यांना मोकळं सोडून बघितलं होतंत का? कृपया कळवावे.’

उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द लिहायला मी सतरा कागद घेतले. एकावर ‘आपले पत्र मिळाले, आनंद झाला’ इथवर पोचलो होतो. आनंद झाला नव्हता, म्हणून तोही फाडला.

यंदा त्याच टपोऱ्या अक्षरात दुसरं पत्र आलं. पोस्टमनकडून ते बायकोनं घेतलं. माझा चष्मा सापडेपर्यंत तिनं ते फोडून वाचायलाही घेतलं होतं. तिनं पस्तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली आहेत. डॉक्टरांचं अक्षर वाचणाऱ्या बाईला हे अक्षर म्हणजे खेळ.

"‘पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. तुम्ही कामात असाल,’" ती मोठ्यानं वाचू लागली, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "कामात? तुम्ही?"

"पुढे वाच."

पुढे असं होतं की कुरण समितीनं माझ्या पुस्तकातलं पान एकेचाळीस सूचना फलकावर लावलं आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी यंत्र आणून टेकडीवरची सगळी कडवी उपटणार. बाईंनी नको म्हटलं तर समितीतले लोक हसतात, तू काय पुस्तकापेक्षा शहाणी का, म्हणतात. बाटलीतलं जंताचं औषध आता त्यांच्या चाळीस मेंढ्यांना लागू पडत नाही. कडवी गेली तर कळप विकावा लागेल. ‘तुम्ही स्वतः जे पाहिलं असेल ते खरं खरं लिहून पाठवा. मी समितीपुढे ठेवीन.’

बायकोनं पत्राची घडी घातली. "पहिलं पत्र कुठंय?"

मी शब्दकोशाकडे बघितलं. पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचलेल्या माणसापुढे नजरेवर ताबा ठेवायला हवा. तिनं सरळ जाऊन कोश उघडला, पत्र काढलं आणि उभ्या उभ्या वाचलं.

"मग?" ती म्हणाली. "सोडून बघितलं होतंत का मोकळं?"

"अगं, प्रयोगशाळेत मोकळं कुठं सोडणार? गोठा होता. वीस मेंढ्या, वीस कप्पे. कडवीचा पाला वाळवून, पूड करून, तोलून प्रत्येकीच्या चाऱ्यात…"

"हो की नाही, एवढंच विचारलंय त्या बाईनं."

ही गोष्ट फोनवर मिटेल असं मला वाटलं. मला फोनवर बोलता येत नाही, पण पत्र लिहिण्यापेक्षा ते बरं. बायकोनं नंबर मिळवला, फिरवला आणि फोन माझ्या कानाला लावून धरला, मी खाली ठेवू नये म्हणून. समितीचे अध्यक्ष मोठे उत्साही गृहस्थ निघाले.

"अरे वा, सर! तुमचंच पान लावलंय आम्ही. मोठं करून!"

"त्याबद्दलच… ते जे कडवीचं लिहिलंय…"

"मुळासकट! काय शब्द टाकलाय. यंत्रवाल्याला तोच दाखवला."

"हो, पण ते तितकं… म्हणजे तसंच आहे असं नाही."

"म्हणजे कडवी चांगली?"

"चांगली असं म्हणता येणार नाही."

"म्हणजे वाईट."

"तसंही नाही म्हणता येणार."

"सर, यंत्राला दोनच गोष्टी कळतात. चालू आणि बंद. तुमचं जे काय असेल ते लेखी द्या. पुस्तक लेखी आहे, तर त्याची दुरुस्तीही लेखीच पाहिजे. नाहीतर उद्या कुणीही फोन करेल आणि म्हणेल, मी लेखक बोलतोय."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "बरोबर बोलला की तो. चिठ्ठी नाही, औषध नाही."

लेखी द्यायचं तर काय द्यायचं? कडवी गुणकारी आहे असं मी कुठे पाहिलं होतं? आणि निरुपयोगी आहे हे तरी नीट कुठे पाहिलं होतं? सोमवार अजून एकोणीस दिवस लांब होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोची डब्याची पिशवी, बारा छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या, एक पेन्सिल आणि छत्री घेऊन बस पकडली.

टेकडी बसथांब्यापासून वीस मिनिटांवर होती. उतारावर कमरेइतकी, राखी हिरव्या पानांची झुडपं विखुरली होती आणि त्यांच्यामधून मेंढ्या चरत होत्या. एका सपाट दगडावर पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, पायांत गमबूट. मी सरळ जाऊन म्हणायला हवं होतं, बाई, मी अमुक, माझं चुकलं. बसमध्ये दोन तास मी तेच घोकत आलो होतो.

"कोण पाहिजे काका?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. मी हवा खायला आलोय."

"खा की. भरपूर आहे."

मी हवा खाल्ली. मग हळूहळू कडवीच्या झुडपांकडे सरकलो. तिथे तीन मेंढ्या पाला ओरबाडत होत्या, एकचित्त. बाकीच्या सगळ्या गवतात. चार पावलांवर तेच झुडूप, पण त्या ढुंकूनही बघत नव्हत्या. एकतीस वर्षं मी मेंढ्यांच्या लेंड्यांत डोकं घालून बसलो होतो. मेंढी काय खाते आहे हे उभं राहून बघायची ही पहिलीच वेळ. एक पान तोडून मी तोंडात टाकलं. जीभ सुकून टाळ्याला चिकटली आणि डोळ्यांत पाणी आलं. चवीसाठी हे कुणी खाणार नाही, एवढं तरी मी शपथेवर सांगू शकतो.

मग मी त्या तिघींच्या मागे उभा राहिलो आणि वाट बघू लागलो. ताजा नमुना मेंढीच्या मर्जीनं मिळतो, तिथं घाई चालत नाही. पहिलीनं कृपा केली तशी मी वाकून पिशवी भरली.

"हवा खायला येणारी माणसं लेंड्या पिशवीत भरत नाहीत," मागून आवाज आला. बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"कुंड्यांसाठी," मी म्हणालो. "खत."

"मूठभर? एकच कुंडी आहे काय? थांबा, पोतं देते."

"नको नको. मला एकेकीच्या वेगळ्या हव्यात."

हे म्हणताना ते किती विचित्र आहे ते मला कळलं. पण बाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, पिशवीवर लिहिलेल्या ‘१’ या आकड्याकडे पाहिलं.

"एक म्हणजे कोण? तिला नाव आहे. ती मामी." त्यांनी काठीनं दाखवलं. "तिच्या पलीकडची वकीलीण, सतत तक्रार करते. आणि ती बारकी, ती नवी. मागच्या महिन्यात आणलीय."

मी तशी नावं लिहिली. बाई माझ्याबरोबर फिरू लागल्या. मामीची मान काखेत धरून त्यांनी तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून दाखवली. आतून कागदासारखी पांढरी. मग गवतातल्या लंगडीची दाखवली. छान लालसर. लंगडी, काळतोंडी आणि आत्याबाई या तिघी गवत खाणाऱ्यांचेही नमुने मी घेतले. आत्याबाईंनी पाऊण तास लावला.

"इतक्या हट्टी मेंढीला आत्याबाई का म्हणता?" मी विचारलं.

"माझ्या आत्याला बघितलं नाहीत तुम्ही."

निघताना मी धीर करून विचारलं, "ही झुडपं राहणार आहेत ना?"

"पुढच्या महिन्यात यंत्र येणार म्हणतात. एक पुस्तकवाला आहे, त्यानं लिहिलंय काढा म्हणून." त्या मेंढ्यांकडे बघत होत्या. "मामीची आई कडवी खायची. तिचं बघून मामी शिकली, मामीची पोर आता शिकतेय. यांना कुणी पुस्तक वाचून दाखवलं नाही, म्हणून वाचल्या."

मी बसमध्ये बसलो तेव्हा माझे कान लाल झाले होते, आणि शेजारची सीट, डब्याच्या पिशवीमुळे असेल, शेवटपर्यंत रिकामी राहिली.

सूक्ष्मदर्शक माझ्याकडे होता. निवृत्त होताना प्रयोगशाळेतल्या लोकांनी मला घड्याळाऐवजी मोडीत निघालेला जुना सूक्ष्मदर्शकच दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी उन्हात मांडला. लेंड्या तोलायच्या, खारट पाण्यात कालवायच्या, गाळायच्या. मीठ पाण्यात इतकं घालायचं की आणखी विरघळत नाही. मग अंडी वर तरंगतात आणि मोजता येतात. मिठाचा अख्खा पुडा गेला. गाळायला मी चहाची गाळणी घेतली.

"ही गाळणी आता या घरात चहाला लागणार नाही," बायको म्हणाली. "डब्याची पिशवीसुद्धा गेलीच म्हणा. आणखी काय काय देणार आहे मी या मेंढ्यांना, ते एकदाच सांगून टाका."

पण ती खुर्ची ओढून शेजारी बसली. सहा पेल्यांत मी सहा नमुने वेगवेगळे कालवत होतो. तिनं थोडा वेळ बघितलं.

"अहो, सहा वेळा कशाला करताय? एकत्र कालवा की. दहा मिनिटांत होईल."

माझा चमचा थांबला.

"काय झालं?"

"आम्ही तसंच करायचो," मी म्हणालो. "माणसं दोन, सूक्ष्मदर्शक एक. वीस मेंढ्यांच्या लेंड्या एकाच बरणीत. ढवळायच्या, एक नमुना काढायचा, अंडी मोजायची. ती वीस जणींची सरासरी."

"आणि कडवी?"

"वीसही जणींना. सारखी तोलून, रोज, सहा आठवडे."

"आजारी होत्या सगळ्या?"

"काही असतील. काही नसतीलही. आम्ही वेगळं बघितलं नाही. शेवटी आकडा जेमतेम उतरला. आणि वजनं घटली."

बायकोनं हात गुडघ्यांवर ठेवले. ही तिची दुकानातली बसण्याची तऱ्हा, गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगायची. "म्हणजे बघा हं. दुकानात वीस माणसं आली. चौघांना ताप, सोळा ठणठणीत. तुम्ही वीसही जणांना दीड महिना तापाच्या गोळ्या चारल्यात. सोळांचं जेवण गेलं. मग सगळ्यांची सरासरी काढून म्हणालात, गोळी कामाची नाही आणि भूक मारते."

"हो."

"आणि वर लिहिलंत, मुळासकट."

"हो."

"तुम्हाला दुकानात ठेवलं नसतं हो मी."

हे इतकं साधं आहे की लिहितानाही माझी मान खाली जाते. पण त्या प्रयोगशाळेत सगळेच तसं करत. माझ्या आधीच्या साहेबांनी बरणी दिली, मी ती पुढच्याला दिली. कुठली मेंढी काय निवडते हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही, कारण निवडायला आम्ही तिला काही ठेवलंच नव्हतं.

दुपारपर्यंत सहाही मोजून झाले. मामी, एका ग्रॅममध्ये एकोणीसशे अंडी. वकीलीण, साडेचौदाशे. नवी, एकवीसशे. गवत खाणाऱ्या लंगडी, काळतोंडी आणि आत्याबाई, तिघींपैकी एकीचाही आकडा अडीचशेच्या वर नाही. मी तिन्ही पुन्हा मोजले. मग बायकोला बघायला लावलं. तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "मला सगळं साबुदाण्यासारखं दिसतंय, पण मामीच्यात खूप साबुदाणा आहे."

म्हणजे कडवी कुणी खायची ते मेंढ्यांना कळत होतं. कडवीनं गुण येतो का, हे अजून कळायचं होतं.

दहा दिवसांनी मी पुन्हा टेकडीवर गेलो. या वेळी बाई दगडावरून उठल्या नाहीत. हातानं जागा झटकली.

"या काका. कुंड्यांना आवडल्या का लेंड्या?"

"हो. छान… पालवी आली."

"दहा दिवसांत? बघा, माझ्या मेंढ्यांना गुण आहे."

मामी आणि वकीलीण आता गवतात होत्या. मी एक कडवीची फांदी तोडून मामीच्या तोंडापुढे धरली. तिनं मान फिरवली, माझी सासू माझ्यापुढे फिरवायची तशी. नवी मात्र अजून झुडपाशीच होती. तिघींचे नमुने घेतले. नवीची पापणी बाईंनी उलटून पाहिली आणि पुटपुटल्या, "ही अजून तशीच."

घरी मोजलं. मामी सातशे. वकीलीण पाचशे. नवी बावीसशे.

त्या बावीसशेनं मी जागच्या जागी बसलो. इतके दिवस मनात एक पत्र तयार होत आलं होतं, चांगलं लांबलचक. पण तिघींपैकी एकीला गुण नाही. दोन मेंढ्यांच्या जोरावर मी कुणाला काय लेखी देणार? उद्या कुणी प्रश्न केला तर? मी टेबलावरून उठलो, कोशातल्या ‘ज’च्या पानांकडे बघितलं, आणि मला कबूल करायला हवं, तिथं आणखी एका पत्राला जागा होती.

"त्या नवीचं काय ते त्या बाईंना विचारा ना," बायको म्हणाली. "तुम्ही मोजता, ती बघते. दोघं मिळून एक माणूस होईल."

म्हणून तिसऱ्यांदा बस. बुधवार होता. सोमवारला पाच दिवस.

मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "नवीला उतार नाही ना?"

"नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"पापणी. आणि तिचं खाणं बघा." त्यांनी काठी उचलली. "मामी कुठलं पान घ्यायची? वरचा कोवळा शेंडा. ही बघून बघून खातेय, पण खालची जून पानं चघळतेय. हिची आई हिच्याबरोबर आली नाही. बाजारातली आहे. शिकवणार कोण? अजून आठ दिवस लागतील, नाहीतर मी शेंडे तोडून देईन."

मी ओणवा होऊन बघितलं. खरंच, नवी खालच्या फांद्यांना झोंबत होती. पाला वाळवून पूड करताना आम्ही शेंडे आणि जून पानं असा भेद कधी केला होता? पोतं भरलं की झालं.

"बाई," मी म्हणालो, "त्या पुस्तकवाल्याला तुम्ही पत्र लिहिलं होतं ना?"

"दोन."

"त्यानं काय लिहावं असं तुम्हाला वाटत होतं?"

"काय पण." त्या दूर बघत होत्या. "नाही बघितलं, असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. त्याच्या हातचा कागद झाला असता. मी सांगते ते बाईचं बोलणं, त्यानं लिहिलं की ते शास्त्र. आता काय करणार? राग नाही माझा. मोठी माणसं, त्यांना वेळ नसतो."

"वेळ होता," मी म्हणालो. "त्याला भीती वाटत असेल."

"मेंढ्यांची?"

"चुकल्याची."

बाई हसल्या. "चुकतं की सगळ्यांचं. मी पहिल्या वर्षी अकरा मेंढ्या घालवल्या, कडवीपासून हाकलून हाकलून. तुमचं ते पुस्तक वाचून."

‘तुमचं ते’ हे त्या अगदी सहज म्हणाल्या. मी वर बघितलं. त्या गमबुटातला खडा काढत होत्या.

"उशीर होईल काका. पाचची बस चुकली की मग सातची. आणि पत्ता आहे ना जवळ? नाही, कुंड्यांबद्दल काही कळवायचं असलं तर."

"आहे," मी म्हणालो. "दोनदा आलाय."

घरी पोचलो तेव्हा पोस्टाची वेळ होऊन गेली होती. गुरुवारी सकाळी, चहा व्हायच्या आधी, मी लिहायला बसलो. एकच कागद लागला. बायको मागं उभी राहून वाचत होती आणि मी ‘बहुधा’ लिहू लागलो की खांद्यावर बोट टेकवत होती. दोन ठिकाणी मी ऐकलं. तिसऱ्या ठिकाणी ऐकलं नाही, कारण तिथं खरोखरच बहुधा होतं.

‘आपली दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याचं उत्तर नऊ वर्षं दिलं नाही, त्याची माफी मागतो. आपण विचारलं होतं की आम्ही मेंढ्यांना मोकळं सोडून बघितलं होतं का. नाही. आम्ही आजारी आणि धडधाकट अशा सगळ्या मेंढ्यांना सारखीच कडवी चारली, सगळ्यांचं एकत्र मोजलं, आणि त्यावरून मी पान एकेचाळीस लिहिलं. ते पान चुकीचं आहे. मुळासकट हा शब्द मी वाक्य वजनदार व्हावं म्हणून घातला होता, त्याला दुसरा आधार नव्हता.

या महिन्यात आपल्या सहा मेंढ्या मी तपासल्या. कडवी खाणाऱ्या तिघींच्या पोटात जंत फार होते, न खाणाऱ्या तिघींच्यात फार कमी. दहा दिवसांत खाणाऱ्या दोघींचे जंत निम्म्याहून कमी झाले आणि त्यांनी कडवी आपणहून सोडली. तिसरीला गुण आला नाही. ती जून पानं खाते, आणि कारण बहुधा तेच असावं, असं आपलं निरीक्षण आहे, माझं नाही. सहा मेंढ्या म्हणजे पुरावा नव्हे. पण टेकडी उजाड करण्यासाठी माझ्याकडे एवढाही पुरावा नव्हता. कुरण समितीनं कडवी काढू नये, असं मी लेखक म्हणून लेखी कळवत आहे. पुढच्या आवृत्तीत ते पान बदलेन. त्यासाठी उरलेल्या चौतीस मेंढ्याही मोजायला याव्या म्हणतो, आपली हरकत नसेल तर. कुंड्या नाहीत माझ्याकडे.’

खाली सही केली. समितीसाठी दुसरी प्रत हातानं उतरवली, त्यातून फक्त कुंड्या वगळल्या. बायकोनं दोन्ही पाकिटं स्वतः चिकटवली.

पोस्टात माझ्यापुढे दोन माणसं होती. खिडकीतल्या बाईंना मी विचारलं, "शनिवारी पोचेल?"

"आज टाकलंत तर उद्या," त्या म्हणाल्या. "आज टाकताय ना?"

दोन्ही पाकिटं खिडकीच्या आत गेली. बाईंनी त्यांच्यावर शिक्का मारला, एकदा, दोनदा, आणि मागच्या टोपलीत टाकली.